पीपीच्या बालदीला पापुद्रे सुटतायत, कान तुटतायत? आधी मशीन नका छेडू, गोणी बघा

गोव्यात कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं छोटंसं युनिट आहे, तीन इंजेक्शन मशीनं (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू काढणारी), त्यातल्या दोनांवर वर्षभर बालद्या नि घमेली. माल पीपीचा (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक), बहुतेक रिप्रो दाणा (भंगार वितळवून केलेला) आणि आमचंच ग्राइंडिंग (प्लास्टिक दळून केलेला चुरा), म्हणून रंगही बहुतेक काळाच. हे आधीच सांगून टाकतो, कारण सीलबंद गोणीतला नवा पीपी वापरणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही आणि मग ते "आमच्याकडे तर कधीच नाही झालं" म्हणून सुरू होतात.

तर त्रास असा. बालदी साच्यातून बाहेर येते तेव्हा एकदम चकाचक, वजन बरोबर, भरलेली बरोबर, काही म्हणजे काही दिसत नाही. पण तळाच्या मधोमध, गेटच्या (साच्यात माल शिरतो ते भोक) आसपास नख घातलं की पातळ पापुद्रा उचलला जातो आणि ओढला की दोन-दोन इंच सोलत येतो. आणि कडी अडकते ते कान, पाणी भरून उचललं की टक्. तुटलेली जागा एकसंध नसते, सुक्या बांबूसारखी रेषारेषांची. आमचे ऑपरेटर काका पहिल्यांदा बघून म्हणाले, "दादा, ही बालदी न्हय, बेबिंका झाली, थरावर थर." बेबिंका म्हणजे आमच्याकडची थरांची मिठाई. हसलो तेव्हा. नंतर ३०० बालद्या परत आल्या तेव्हा नाही हसलो.

हे तीन पावसाळे ओळीने झालं. जूनमध्ये सुरू, ऑगस्ट-सप्टेंबरात आपोआप कमी, दिवाळीपर्यंत गायब. त्यामुळे सगळ्यांचं निदान एकच, दमट हवा. आम्हीही तेच धरून बसलो, हॉपरवर (दाणा ओतायचं मशीनचं नरसाळं) ड्रायर चढवला, गोण्या पॅलेटवर ठेवल्या, ताडपत्री घातली, लाइटबिल वाढलं, पापुद्रे तिथेच. मग कुठे डोक्यात आलं की पीपी आणि एचडी (कडक जातीचं पॉलिथीन) पाणी जवळजवळ पीतच नाहीत, ओला दाणा म्हणजे फक्त वरून ओला. आणि ओलाव्याने येतात त्या चंदेरी रेघा, पृष्ठभागावर झाडूने ओढल्यासारख्या. पापुद्रा वेगळा, रेघा वेगळ्या. हा फरक पहिल्या दिवशी कळला असता तर ड्रायरचे पैसे वाचले असते.

दुसरी चूक टेंपरेचरची, आणि ही जास्त शिकवून गेली म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिल्या वर्षी पापुद्र्यांच्या आधी वेगळीच तक्रार होती, बालदीच्या भिंतीत पांढरट कडक कण, तांदळात खडा लागावा तसे, मधूनच नॉझल चोक. बॅरल (दाणा वितळवणारी मशीनची नळी) २१० अंश सेल्सियसला होतं. काकांनी शेवटचे दोन झोन २४० ला नेले आणि काय, कण गायब! आम्ही खूश. आणि त्याच आठवड्यापासून कान तुटायला लागले. आम्ही म्हटलं पीपी जळतोय जास्त तापल्याने, पुन्हा २१० ला आणलं तर कण परत. असं वर-खाली, वर-खाली करत महिना गेला.

ते कण नायलॉनचे होते. नायलॉन ६ वितळतं २२० च्या आसपास, पीपी १६०-१६५ ला. म्हणजे २१० ला पीपी पाण्यासारखा आणि नायलॉन त्यात खडे बनून फिरतंय. २४० ला नायलॉनही वितळलं, दिसेनासं झालं, आणि आम्हाला वाटलं मिसळलं. इथेच सगळी गोम आहे. वितळलं म्हणजे मिसळलं असं नसतं. खडा होता तेव्हा निदान दिसत तरी होता, आता त्याचे बारीक बारीक थेंब होऊन पीपीत लपले, आणि पीपीशी त्यांचं काडीचं सख्य नाही, नुसते शेजारी बसलेत. ताण आला की थेंबाची आणि पीपीची सीमा पहिली उघडते.

आता मिसळत का नाहीत, हे थोडं समजून घेतलं तर पुढचं निदान सोपं जातं. बाजारात अबोलीची सुटी फुलं एका टोपलीत आणि जाईची दुसऱ्या टोपलीत असतील, दोन्ही एका सुपात ओतली आणि चार वेळा पाखडलं की झाली मिसळ, कारण सुटी फुलं एकमेकांत जाण्याच्या वाटा अगणित. पण तीच फुलं ओवून वळेसर (गजरे) केलेत, हातहात लांब, आणि आता अबोलीचे वळेसर नि जाईचे वळेसर एकत्र ढवळा. नाही होत मिसळ. प्रत्येक फूल दोऱ्याला बांधलेलं, त्याला स्वतःच्या मनाने कुठेही जाता येत नाही. साखर पाण्यात, अल्कोहोल पाण्यात वगैरे मिसळतं ते या सुटेपणाच्या जोरावर, आणि पॉलिमर म्हणजे हजारो मणी ओवलेला दोरा, त्याचा तो जोर जवळपास संपलेला. फ्लोरी आणि हगिन्स या दोघांनी १९४१-४२ च्या सुमारास वेगवेगळं बसून हे गणित मांडलं, फ्लोरींना पुढे १९७४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गणिताचा मतलब आपल्या कामापुरता एवढाच, की साखळी जितकी लांब तितका मिसळण्याचा फायदा कमी, मग दोघांत जराशी जरी नावड असली तरी वेगळे होणार. पीपी आणि एचडी तर सख्खे चुलतभाऊ, दोघांतही कार्बन-हायड्रोजन सोडून काही नाही, तरी एकत्र राहत नाहीत. आमच्या घराच्या वाटण्या आठवतात, असो.

अपवाद आहेत. पीपीओ (पॉलिफेनिलीन ऑक्साइड नावाचं प्लास्टिक) आणि पॉलिस्टायरीन हे दोघे मात्र अगदी खरे मिसळतात, कुठल्याही प्रमाणात, मऊ पडायचं टेंपरेचरही दोघांचं मिळून एकच होतं, नोरिल नावाने जो माल मिळतो तो हाच. पीव्हीसी आणि नायट्राइल रबराचीही जोडी बरी जमते, त्यातल्या नायट्राइलचं प्रमाण योग्य असेल तर. पण भंगाराच्या गोणीत अशी सुखी जोडी येईल या भरवशावर कोणी राहू नये.

आणि दोन थर राहिले म्हणजे माल वाईटच असंही नाही हां. आपण ज्याला पीपीसीपी (पीपी कोपॉलिमर) म्हणतो तो सुद्धा आतून दुफळीच आहे, पीपीत रबरासारखे बारीक कण. वाकवल्यावर पांढरा पडतो ना, तो त्या कणांपाशीच. फरक एवढाच की तिथे कण एका मायक्रॉनच्या आसपासचे, सारखे पसरलेले, आणि पीपीला धरून ठेवलेले. आपल्या बालदीत कण मोठे, वेडेवाकडे, आणि सुटे. शिवाय इंजेक्शनचा वेग. गेटमधून माल जोरात घुसतो तेव्हा ते थेंब ताणले जाऊन चपटे होतात, साच्याच्या थंड भिंतीला लागले की तसेच गोठतात, एकावर एक पत्रे. पापुद्रा तो हाच, म्हणून गेटजवळ जास्त आणि कडेला कमी.

एक निरीक्षण काकांचं आहे, मला पुस्तकात शोधायला लावलं त्यांनी. म्हणाले, "दादा, जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले आठ-दहा शॉट जास्त सोलतात, बघा तुम्ही." त्या शॉटच्या (शॉट म्हणजे साच्याची एक भरती) बालद्या खूण करून ठेवल्या, खरंच. सोलकढी तासभर नुसती ठेवली की नारळाचं दूध वर येतं आणि खाली गुलाबी पाणी राहतं, तसंच बॅरलमध्ये. बॅरलमधला माल ढवळत पुढे ढकलणारा स्क्रू फिरतोय तोवर थेंब फुटतायत, स्क्रू थांबला की शेजारचे थेंब एकमेकांत शिरून मोठे होत बसतात. तेव्हा थांबल्यानंतरचे शॉट आणि चालू रनमधले शॉट यांत फरक पडत असेल तर समजा, माल मिश्र आहे. एकाच जातीच्या मालात जास्त वेळ तापल्याने फार तर रंग पिवळा पडेल, वास येईल, पापुद्रे नाही सुटणार. फुकटची टेस्ट आहे, करून बघा.

आता गोणीत काय आहे हे ओळखायचं कसं. लॅबला पाठवलं तर मस्तच, डीएससी (माल हळूहळू तापवून कुठल्या टेंपरेचरला काय वितळतं ते दाखवणारी टेस्ट) करून घ्या, १३० जवळ एक शिखर आणि १६० च्या पुढे दुसरं दिसलं की एचडी आणि पीपी, २२० ला तिसरं दिसलं की नायलॉन आलंच. पण रोज गोणीला कोण लॅब करतो. आम्ही करतो ते असं.

पाण्याची बालदी (चांगली वाली), त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, हा थेंब विसरू नका, नाहीतर चुऱ्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि बुडणारंही तरंगतं. मूठभर ग्राइंडिंग टाका, ढवळा, पाच मिनिटं थांबा. तरंगलं ते पीपी, एचडी, एलडी (मऊ जातीचं पॉलिथीन) यांपैकी. बुडालं ते बाकी सगळं, नायलॉन (घनता १.१४), पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, १.३८), पीव्हीसी, एबीएस (हेल्मेटसारख्या वस्तूंचं कडक प्लास्टिक), पॉलिस्टायरीन, आणि फिलर (खनिजाची पूड) भरलेला पीपी सुद्धा, तो फसवतो. बुडालेलं उचलून मिठाच्या घट्ट पाण्यात टाका, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालायचं, जाडं मीठ चालतं, आम्ही आगरवाड्याचं वापरतो. ते पाणी १.२ च्या आसपास जातं, त्यात नायलॉन वर येतं आणि पेट-पीव्हीसी खालीच बसतात. एबीएस, पॉलिस्टायरीनही वर येतात, मग चिमटीत एक तुकडा धरून बाहेर उघड्यावर जाळून वास घ्या, लांबूनच. नायलॉनला केस जळल्याचा वास, पॉलिस्टायरीनला भरपूर काजळी, एचडीला मेणबत्ती विझवल्याचा. पीव्हीसीची शंका असेल तर तांब्याची तार लाल तापवून तुकड्याला लावायची आणि परत ज्योतीत धरायची, हिरवी ज्योत आली की क्लोरीन. पीव्हीसीचा एक तुकडाही नको, तो सडून ॲसिडचा वायू सोडतो, साच्याला गंज चढतो तो वेगळाच.

पण खरा पेच पीपी आणि एचडीचा, दोघेही पाण्यावर तरंगतात. पीपी ०.९० ते ०.९१, एचडी ०.९५ च्या आसपास. मधलं काहीतरी पाहिजे. आणि देवाच्या कृपेने आपण गोव्यात आहोत. काजू फेणी ४२-४३ टक्क्यांची असते, म्हणजे तिची घनता ०.९४ च्या जवळपास बसते. पीपी तरंगतो, एचडी बुडतो. हसू नका, खरंच चालतं. फक्त मधलं अंतर अगदी थोडं आहे आणि घरगुती फेणीचा काही नेम नसतो, म्हणून दर वेळी आधी ओळखीचा नवा एचडी दाणा टाकून बघायचा, तो बुडाला पाहिजे, नवा पीपी दाणा टाकायचा, तो तरंगला पाहिजे, मगच गोणीतला माल. एचडी तरंगला तर फेणी कमी कडक, थोडं स्पिरिट घाला. एलडी मात्र पीपीबरोबर वरच राहतो, त्याचं काही करता येत नाही, तो नखाने ओरखडून ओळखायचा. हुर्राक (काजूची हलकी, पहिल्या उकळीची दारू) अजिबात चालत नाही, त्यात अल्कोहोल फेणीपेक्षा फारच कमी, दोघेही तरंगतात, ते लिम्का-मीठ-मिरची घालून संपवलेलंच बरं. बाटलीवर "टेस्ट" लिहून मशीनपासून आणि जाळायच्या टेबलापासून लांब ठेवा, पेट घेते. झाकण घट्ट लावा, अल्कोहोल उडालं की रीडिंग चुकतं. आमच्या बाटलीतली पातळी झाकण लावूनही कमी होते, त्याचं कारण शास्त्रीय नाही.

ही टेस्ट सुरू केल्यावर पावसाळ्याचं कोडं सुटलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ट्रॉलर किनाऱ्याला, जाळी विणायची-सांधायची कामं निघतात, जुनी जाळी, जुने दोर भंगारात जातात. आमच्या दाणावाल्याला विचारलं, "भाऊ, जूनमध्ये मालात काय टाकता?" तो म्हणाला, "काही वेगळं नाही हो, दोर येतात, पीपीचेच." दोर पीपीचे, कबूल. पण दोराला गुंतून ट्रॉलच्या जाळ्याचे तुकडे, ते बहुतेक एचडीच्या सुताचे, आणि बारीक गळाच्या दोरीसारखं पारदर्शक जाळं नायलॉनचं. ग्राइंडरमधून गेलं की सगळं एकजात राखाडी भुसा. त्याची लबाडी नव्हती म्हणा, त्याच्या डोळ्यालाही ते एकच.

म्हणजे हवेतला दमटपणा थोडा दोषी होताच, पण उलट्या बाजूने. नायलॉन पाणी पितं, चांगलं भरपूर, भिजवून ठेवलं तर वजनाच्या ८-९ टक्क्यांपर्यंत. ते गरम बॅरलमध्ये गेलं की वाफ आणि साखळ्या तुटणं, दोन्ही. म्हणून पापुद्र्यांसोबत चंदेरी रेघाही दिसत असतील तर नायलॉनवर पहिला संशय घ्या.

उपाय. पहिला आणि सगळ्यात स्वस्त, वेगळं करणं. दोराच्या सीझनला आम्ही आता दाणा घेतच नाही, दोर अख्खे घेतो, हाताने जाळी कापून काढतो, मग ग्राइंड आणि पाण्याची टाकी. मजुरी लागते. परत आलेल्या ३०० बालद्यांपेक्षा कमी लागते.

एचडी थोडा राहिलाच, समजा शेकड्याला चार-पाच, तर बालदीत खपतो. निम्मानिम्म झाला की मात्र दोघांचेही गुण जातात. मधल्या प्रमाणासाठी इथिलीन-प्रोपिलीन जातीचं रबर किंवा पीओई इलास्टोमर (तेही रबरासारखंच) घालतात, ते दोघांच्या सीमेवर जाऊन बसतं. आम्ही ६ टक्के घालून बघितलं, कान तुटायचे थांबले, बालदी जरा मऊ झाली, भाव वाढला. घमेल्याला चाललं, बालदीला गिऱ्हाईक नाक मुरडतं. २०१७ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या लोकांनी पीई (पॉलिथीन) आणि पीपीचेच तुकडे आळीपाळीने जोडलेली साखळी बनवली आणि ती फक्त १ टक्का टाकून ही जोडी चिवट केल्याचं दाखवलं. एकाच दोऱ्यात अबोली-जाई-अबोली-जाई ओवल्यासारखं, अबोली अबोलीत गुंतते, जाई जाईत. वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण आपल्या कुंडईच्या सप्लायरकडे विचारलं तर माझ्याकडेच बघत राहिला.

एचडी कुठला आहे यानेही फरक पडतो आणि हे कोणी सांगत नाही. बाटलीच्या झाकणांचा मोल्डिंग एचडी पातळ वाहतो, तेलाच्या कॅनचा ब्लो एचडी (हवेने फुगवून साच्यात बसवायचा) घट्ट मधासारखा. पातळ पीपीत घट्ट एचडीचा थेंब स्क्रूने कितीही घासला तरी फुटत नाही, नुसता लोळतो. टेलर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३४ मध्येच थेंबांवर प्रयोग करून दाखवलं होतं, आतला द्रव बाहेरच्यापेक्षा फारच घट्ट असेल तर नुसत्या घासण्याने थेंब फुटत नाही. ही मर्यादा साधारण चौपट धरतात. वर पीपी दर फेरीत तापून साखळ्या तुटत आणखी पातळ होतो, एचडी बहुतेक वेळा उलटा घट्ट होतो, म्हणजे तोच माल तिसऱ्यांदा फिरवलात तर दोघांतली दरी वाढलेली असते. म्हणून कॅनचा माल पीपीत कधीच नाही. आणि एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) बघून तुलना करणार असाल तर सांभाळा, पीईचा १९० ला मोजतात, पीपीचा २३० ला, आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही.

नायलॉनला रबर घालून भागत नाही, त्याला मॅलेइक ॲनहायड्राइड लावलेला पीपी लागतो. त्यातला ॲनहायड्राइड नायलॉनच्या टोकाच्या अमाइनला खरोखर रासायनिक बांधला जातो, पकड तिथून येते. ३ ते ५ टक्के घालतात, नायलॉन आधी नीट सुकवून, आणि मिसळायला ट्विन स्क्रू (दोन स्क्रूंचं मिसळायचं मशीन) पाहिजे. आपलं इंजेक्शन मशीन मिक्सर नव्हे, बॅक प्रेशर (माल भरताना स्क्रूवर ठेवलेला उलटा दाब) वाढवून थोडंफार सुधारतं इतकंच. बालदीच्या भावात हे बसत नाही, म्हणून नायलॉन आत येऊच द्यायचं नाही.

सेटिंगने काय होतं? इंजेक्शनचा वेग कमी करा, साचा थोडा गरम ठेवा, गेट अगदीच बारीक असेल तर उघडून घ्या, पापुद्रे दिसायला कमी होतील. कान मात्र तसेच तुटतील, कारण आतली फूट आहे तिथेच आहे. आमचे दोन पावसाळे असेच फसवून गेले, सेटिंग बदललं, दोन दिवस बरं, पुढची गोणी उघडली की पुन्हा.

सगळं तपासूनही गोणी शुद्ध निघाली तर मास्टरबॅच (रंगासाठी घालायचा दाणा) बघा. स्वस्त काळा मास्टरबॅच बहुतेक एलडीच्या दाण्यात बांधलेला असतो, २ टक्क्यांत कळत नाही, पण माल जास्त मळका म्हणून ऑपरेटर हात सैल सोडतो आणि ६-७ टक्के जातो, म्हणजे तुम्हीच एलडी घालताय. पीपीत बांधलेला मागा. साच्यावर सिलिकॉन स्प्रे जास्त मारला तरी वरवरचा पापुद्रा सुटतो, पण तो २०-२५ शॉटनंतर जातो. आणि मशीनवर आधी एबीएस किंवा पॉलिस्टायरीन चालवलं असेल तर चेक रिंगमागे (स्क्रूच्या टोकाची झडप) अडकलेला माल अर्धा दिवस थोडा थोडा बाहेर येत राहतो, तेव्हा परजिंग (नवा माल ढकलून बॅरल साफ करणं) कंजूषपणे नका करू.

या जूनमध्ये दोर आले तेव्हा काकांनी जाळी कापून तीन गोण्या नायलॉन वेगळं काढलं. त्या अजून शेडच्या कोपऱ्यात आहेत, वर खडूने मोठ्या अक्षरात "हॉपरात घालू नये" लिहिलंय, कारण रात्रपाळीचा नवीन पोरगा माल संपला की जवळची गोणी उचलतो.